न दिलेला शब्द

११ ऑगस्ट

बाबा परवापासून आंजीहून आमच्याकडे, सिंदी मेघेत. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. काळा चष्मा. टीव्ही बंद, वाकणं बंद, चुलीजवळ बसणं बंद, वावरात जाणं बंद. "मंग चालू काय काय आहे?" असं डॉक्टरांनाच विचारून आले. डॉक्टर हसले नाहीत. पुण्याकडचे असावेत.

पेपर वाचून दाखवला. लवकर संपला. जिल्ह्याच्या पानावरच्या निम्म्या बातम्या मीच पाठवलेल्या, त्या न बघताही म्हणता येतात. बाबा म्हणाले, "हे तं तू काल जेवतानी सांगतलं." वार्ताहराच्या बापाला शिळीच बातमी मिळायची.

वं. म्हणाली, "तुमचं ते भाषांतर वाचून दाखवा ना. त्यांना झोप तरी लागेल." (वं. म्हणजे बायको. पूर्ण नाव लिहिलं की तिला वहीचा वास येतो.)

१२ ऑगस्ट

भाषांतराला सुरुवात करून दिली. म्हणजे ऐकवायला. करतोय तर मागच्या उन्हाळ्यापासून. आफ्रिकेतली कादंबरी, इंग्रजीत लिहिलेली, पुण्याच्या प्रकाशकासाठी. गोरे गेले, आपलं राज्य आलं, आता जुनं किती ठेवायचं आणि नवं किती घ्यायचं, हा घोळ. संस्कृतात एम. ए. झालेल्या शेतकऱ्याच्या पोराने आफ्रिकेच्या वाटेला का जावं, असं संपादकबाईंनी विचारलं नाही. उपकार.

पहिलं प्रकरण. नदीकाठचं गाव. तिथे मेलेल्या माणसाला घराच्या अंगणातच पुरतात. म्हातारा रोज सकाळी त्या जागेवर ताडी ओततो, बापाला, आज्याला, पणज्याला नावाने हाक मारून. मी लिहिलं आहे, 'पितरांना मद्याचे तर्पण केले.' वाक्यावर खूश होतो.

बाबा: "दारूबंदी नाई काय तथी?"

"नाही, बाबा."

"बरं आहे त्याहिचं. आपल्या जिल्ह्यात तं पितराले पान्यावरच भागवा लागते."

थोड्या वेळाने: "आंगनात गाडते म्हनते. मंग झाडते कुठून?"

लेखकाने हा मुद्दा विचारात घेतलेला नाही.

(मीही बाबांशी वऱ्हाडीतच बोलतो. वहीत मात्र माझी वाक्यं आपोआप इस्त्री होऊन येतात.)

१४ ऑगस्ट

झोप वगैरे काही नाही. बाबा सरसावून बसतात. आफ्रिकन नावं जिभेवर येत नाहीत म्हणून त्यांनी परस्पर बारसं केलं. म्हातारा तो 'बुढा'. त्याचा शिकलेला, राजधानीत साहेब झालेला मुलगा तो 'बाबू'.

गावावर धरण येतं. सरकार पलीकडे सिमेंटची घरं बांधून देतं. बुढा म्हणतो, अंगणातल्यांना सोडून मी येत नाही. त्याची समजूत घालायला सरकार नेमकं बाबूलाच पाठवतं.

"गोरे गेले ना?"

"गेले."

"मंग ह्याले कोन उठवून राह्यलं?"

"त्यांचेच लोक."

"हं. मंग बराबर आहे."

१७ ऑगस्ट

आज फजिती. बुढ्याच्या तोंडी मी घातलं होतं, 'माझ्या पूर्वजांची भूमी सोडून मी कदापि जाणार नाही.' बाबा म्हणाले, "हा तहसीलदार होता काय?"

दुपारी बसून त्याचं सगळं बोलणं बदललं. 'मी नाई जात. माहा बाप अथी झोपून आहे.' सकाळपेक्षा निम्मं झालं. संध्याकाळी वाचलं तर बाबांनी मांडी घातली. "आता बोलून राह्यला. चुकीचं बोलून राह्यला, पन बोलून राह्यला."

बाबा पूर्णपणे बाबूच्या बाजूने आहेत. "नळ देऊन राह्यले, सिमेंटचं घर देऊन राह्यले, अन् हा हाडं धरून बसला." मी बुढ्याच्या बाजूने. जन्मभर वावरात राबलेला माणूस नव्याच्या बाजूने आणि प्लॉटवर बंगला बांधलेला मी अंगणातल्या पितरांच्या. वं. मध्ये येऊन म्हणाली, "मामाजी, थेंब टाकायचे." दोन्ही पक्ष गप्प.

२३ ऑगस्ट

काल पोळा. बाबा ऐकेनात, नेलं आंजीला. धाकटा भाऊ दिनेश तिथे शेती बघतो, वांगी-टमाटर, वर्ध्याच्या बाजारात. बैल कधीच गेले, ट्रॅक्टरला बेगड लावली होती.

पारावर लोक: "काऊन हो आबाजी, हिरो झाले काय?" बाबांनी काळा चष्मा सावरला आणि त्यांना कादंबरी सांगितली. माझ्यापेक्षा चांगली. फक्त ताडीची मोहाची झाली आणि आफ्रिका कुठेतरी चंद्रपूरच्या पलीकडे गेली. एकाने विचारलं, "मोबदला भेटला काय त्याहिले?" बाबा: "पुढचं वाचाचं राह्यलं."

आम्ही निघताना दिनेश गाडीला वांग्यांची पिशवी अडकवत होता. म्हणाला, "दादा, बाबाले लवकर आनून सोडजो. घर सुनं सुनं वाटते." इतकं बोलणं म्हणजे त्याच्या हिशेबाने भाषण.

२९ ऑगस्ट

घरात गणपती. आरतीच्या आधी पुण्याहून संपादकबाईंचा फोन, पाठवलेली प्रकरणं वाचून. "पान सत्तेचाळीसवर म्हातारा मध्येच गणपतीला का हाक मारतो?"

बघितलं. मुलाला आज्याचं नाव ठेवलेलं, म्हणून बुढा त्याला 'माझ्या बापा' म्हणतो. मी सहज लिहून गेलो, 'बाप्पा'. आपल्याकडे बाप मुलाला म्हणतो, दूधवाल्याला म्हणतो, म्हैस अडली तर म्हशीलाही म्हणतो. ऐन गणपतीत बाईंच्या टेबलावर गेलं.

बाई हसल्या. मग समजुतीने म्हणाल्या, "एकूणच हे वऱ्हाडी... बघा ना. म्हातारा मरणाच्या दारात आहे आणि असं बोलतो. लोकांना नाटकातला गमत्या गडी आठवेल हो. हसतील."

म्हटलं, विचार करतो. असं म्हणायची पद्धत आहे.

१ सप्टेंबर

प्रकरण नववं. सरकार म्हणतं, बरं, तुमचे पूर्वजही हलवू. मजूर येतात, अंगणं खणतात, हाडं टोपल्यांत भरतात. कोणाचं काय ते कळेनासं होतं. टोपल्यांवर खडूने नावं घालतात, त्यावर पाऊस येतो. बाबू छत्री धरून उभा.

बाबा वाचून झाल्यावर काळ्या चष्म्यानेच खिडकीकडे बघत बसले. जेवताना फक्त एवढं: "मेलेला मानूस किती जनाले कामाले लावते."

३ सप्टेंबर

पोहे खाताना, मीठ मागावं तसं सहज: "मनोहर, मी मेलो का मले मेडिकल कॉलेजात देऊन देजो."

वं.चा झारा कढईतच थांबला.

"देऊन देजो म्हणजे?"

"देहदान. तूच तं लिहिते पेपरात. समाजापुढे आदर्श."

लिहितो खरं. वाक्य तयारच असतं, वरचं नाव आणि गाव तेवढं बदलायचं.

"आगीत टाकाचं नाई. तेरवी नाई. केस काढाचे नाई. पोट्टे शिकतीन माह्यावर. मी चौथी शिकलो. मेल्यावर मास्तर होईन, नाई तं अजून कवा होऊ?"

मी हसलो. हसायला नको होतं.

"हसू नको. शब्द दे."

"बाबा, आधी डोळा नीट होऊ द्या..."

"डोळ्याचं नाई म्हनून राह्यलो मी. दिनेश देनार नाई, मले मालूम आहे. तू मोठा. तू हो म्हटल्याशिवाय ते नेत नाई. शब्द दे, बापा."

बातमी पाठवायची आहे म्हणून उठलो. बातमी नव्हती.

५ सप्टेंबर

देहदान. देहाचं दान. षष्ठी तत्पुरुष. कॉलेजात समास सोडवला की प्रश्न सुटला असं वाटायचं.

दान देणारा कर्ता. पण दानाच्या वेळी कर्ताच उरत नाही. देह उरतो, आणि शेजारी मी. संकल्प त्यांचा, देणं माझं. कर्ता निघून गेला की क्रियापद पोराच्या गळ्यात.

बाबांना वाटतं, शास्त्र शिकलेला आहे म्हणून अडतो. शास्त्राचं मी काय ते बघून घेतलं असतं. शास्त्रात वाट सापडते, शोधणारा गरजू असला की. ते नाही.

आईला अग्नी मी दिला. खांद्यावर मडकं, मागून दिनेश दगडाने भोक पाडतोय. गुरुजींचे उच्चार चुकत होते, ते मी मनात दुरुस्त करत होतो. तेवढं काम होतं म्हणून उभा राहू शकलो. बाबांच्या वेळी गाडी येईल, सह्या होतील, गाडी जाईल. मी कुठे

(वं. आली.)

७ सप्टेंबर

एकदा लेख लिहायला मेडिकल कॉलेजच्या शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये गेलो होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. सगळं स्वच्छ. मुलं सुरू करण्याआधी हात जोडून उभी राहिली. ते छापलं. जे छापलं नाही ते असं की, पहिल्याच टेबलावर एक म्हातारा होता आणि त्याच्या टाचांच्या भेगांत काळ्या मातीचा रंग तसाच होता. एवढं धुऊनही. चेहरा झाकलेला. टाचा मात्र कोणाच्याही असू शकल्या असत्या. आंजीच्या, हिंगणीच्या.

वं. सध्या बाबांना रोज टाचांना व्हॅसलीन लावायला देते. ते दरवाज्याच्या कडीला लावतात. आवाज करत नाही म्हणे मग.

वं.ला विचारलं. पोळी लाटता लाटता: "द्या ना शब्द. शरीर त्यांचं आहे."

"तुझ्या वडिलांनी मागितला असता तर?"

"माझ्या वडिलांनी मला कधी काही मागितलंच नाही." पोळी तव्यावर टाकली. विषय संपला.

९ सप्टेंबर

बाबांनी दिनेशला फोनवर सांगून टाकलं. लगेच त्याचा मला.

"दादा, काय वाचून दाखवून राह्यला तू बाबाले? आफ्रिकेचं वारं अथी माह्या घरावर काऊन आनलं?"

म्हटलं, मी काही आणलं नाही, त्यांच्या मनात आलं.

"मनात येईनच. तू वाचून देल्लं म्हनून आलं. तुह्यं बरं आहे, तू सिंदीत राह्यते. मले गावात राहाचं आहे. लोक काय म्हनतीन? दोन-दोन पोरं, अन् बापाले जाळाले काड्या भेटल्या नाई."

"लोक काही म्हणोत."

"पेपरात लिही ते. मले नको सांगू."   मग वेगळ्याच आवाजात, "त्याहिले कोनी कापन ना, दादा. आपल्या बाबाले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू शब्द देल्ला तं मी तुह्या घरात पाय ठेवनार नाई. मायची आन."

१२ सप्टेंबर

बाबा आता मागत नाहीत. हे जास्त वाईट. "साहेब, जेवून घ्या." "साहेब, थेंब टाकता काय?" मी साहेब झालो.

वाचन मात्र रोज. बुढा आजारी. नव्या घरात न्यायला बाबू जीप घेऊन आलाय. बुढा त्याच्याकडे शब्द मागतो, मले अथीच आंगनात ठेवजो. बाबू उत्तर देत नाही, बापाच्या पायांवर पांघरूण सारखं करतो. हा परिच्छेद मी घाईने वाचला. बाबा म्हणाले, "हळू वाच. गाडी सुटून राह्यली काय?"

१५ सप्टेंबर

अविधवा नवमी. आईचं पान. बाप जिवंत असलेल्याला तर्पणाचा अधिकार नाही, आईच्या नवमीपुरती सूट आहे. ती दरवर्षी घेतो. मंत्र माझे मीच म्हणतो, उच्चार शुद्ध असतात, दुरुस्त करायला काही उरत नाही.

बाबा खुर्ची टाकून बघत होते. गच्चीवर घास ठेवला तर कावळा हात मागे घ्यायच्या आत हजर. "तुह्या मायले नेहमीच घाई," बाबा म्हणाले. वं.सकट सगळे हसलो. किती दिवसांनी.

मग तेच: "माह्या टायमाले कावळ्याले तरास देऊ नको. डॉक्टर पोट्ट्याइलेच इचारजो, पोट भरलं का म्हनून."

वं. उठून आत गेली. मी दर्भ गोळा करत बसलो. त्यात गोळा करण्यासारखं फारसं नसतं.

१८ सप्टेंबर

परवा फोनवर पुण्याचा शेवटचा निरोप. बुढ्याचं बोलणं प्रमाण मराठीत हवं, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर. मी दुसऱ्या वाक्याला हो म्हणालो. तिसऱ्याची गरजच पडली नाही. दोन दिवस बसून सगळं परत उलटं केलं. 'मी जाणार नाही. माझे वडील येथे विसावले आहेत.' एकही चूक नाही.

मुद्दाम बाबांना ऐकवलं.

"हा कोन? बँकेतला वाटते."

"तोच बुढा, बाबा."

"नाई." डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "तो मेला वाटते."

पाठवून दिलं पुण्याला.

२० सप्टेंबर

शेवटचं प्रकरण. ते वाचायचं मी टाळत होतो, बाबांनीच काढायला लावलं. बुढा वारतो, पण गावात नाही. शहराच्या दवाखान्यात. बाबू बापाला जीपमध्ये घेऊन निघतो. पुढे रस्त्याला फाटा. एक जुन्या गावाकडे, तिथे अंगणात पाणी चढायला लागलंय. एक नव्या वस्तीकडे, तिथे सरकारी दफनभूमी, रांगेने. ड्रायव्हर विचारतो, साहेब, कुठे घेऊ? संपली.

"पुढं?"

"संपली, बाबा."

"कुठं घेतली गाडी?"

"ते लेखकानं वाचकावर सोडलंय."

"आपल्यावर?" बाबा खरंच चिडले. "आपल्यालेच सांगाचं होतं तं लेखक कायले पायजे? येवढे दिवस बसवून ठेवलं!" वं.ला हाक मारून सांगितलं, "सूनबाई, पाहा, ह्याचा आफ्रिकेचा मानूस गाडी रस्त्यात सोडून पळून गेला."

ती हसली. मीही. मग बाबांनी विचारलं, "बापानं त्याले सांगतलं होतं ना, आंगनात ठेवजो म्हनून?"

"सांगितलं होतं."

"अन् बाबूनं शब्द देल्ला होता?"

"नाही. गप्प राहिला."

"गप्प राह्यला म्हंजे देल्लाच."

संस्कृतातही मौनाचा अर्थ हाच करतात. पाठांतराचा आयुष्यात उपयोग होत नाही म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

मी त्यावरही गप्प राहिलो. आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

२१ सप्टेंबर

आंजी. पितृमोक्ष अमावस्या. घरची पंगत, भाऊबंद सगळे, मोठे काका, चुलतभाऊ, त्यांची पोरं. वडे, खीर, कढी. दिनेश वाढत होता, माझ्याशी बोलत नव्हता, पण वडा दोनदा वाढला.

मोठ्या काकांनी विषय काढला. बाबांपेक्षा थोरले, त्यामुळे गावात बाबांना 'अबे' म्हणणारे ते एकटेच. "काऊन बे, तुले दवाखान्याले द्याचं म्हनते. खरं आहे काय?"

बाबांनी हातातला घास पानात ठेवला. चष्मा काळाच, त्यामुळे बघतात कोणाकडे ते कळेना. म्हणाले, "हाव. ठरलं ते. मनोहरनं मले शब्द देल्ला."

पंगत माझ्याकडे वळली. कढीची बादली घेऊन दिनेश माझ्यासमोरच उभा होता.

मी शब्द दिलेला नाही. हे मला माहीत आहे, वं.ला माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे. एवढ्या माणसांत, वडिलांच्या तोंडावर, पितरांच्या पंगतीत, 'बाबा खोटं बोलताहेत' हे कोणत्या विभक्तीत म्हणायचं?

काकांनी विचारलं, "काय रे मन्या?"

मी कढी मागितली.

दिनेशने वाढली. काठोकाठ. पुढच्या पानाला गेला नाही, बादली तिथेच ठेवून मागच्या दाराने निघून गेला. त्याच्या बायकोने पुढे वाढायला घेतलं.

काका म्हणाले, "हं." बाबांनी घास उचलला आणि जेवले. चांगले जेवले.

येताना गाडीवर बाबा मागे. धुळीसाठी त्यांच्या तोंडाला दुपट्टा. धाम नदीवरच्या पुलावर काहीतरी म्हणाले. वाऱ्याने ऐकू आलं नाही. गाडी थांबवून विचारलं, काय म्हणालात? म्हणाले, "काई नाई. गाडी चालव."

२२ सप्टेंबर

डोळा तपासला. डॉक्टर खूश. काळा चष्मा उद्यापासून फक्त उन्हात. बाबांनी डॉक्टरांनाही सांगितलं, माझं शरीर तुमच्या कामाला येणार आहे, पोरानं शब्द दिलाय. डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन दाबला. "फार मोठं मन लागतं."

मी म्हणालो, थेंब किती दिवस चालू ठेवायचे?

२४ सप्टेंबर

बाबा दुपारचे आडवे झाले होते. बाहेरच्या खोलीत मी. गाडीचा आवाज. दिनेश. भाजी घेऊन आला नव्हता, हात रिकामे. पहिल्यांदाच तसा बघितला, तर तो मला उंच वाटला.

चपला दाराबाहेर काढल्या, आत आला. म्हणजे पाय ठेवला. बसला. वं.ने पाणी दिलं, प्यायला. ती चहा टाकायला गेली, खरं म्हणजे दाराआड उभी राहायला.

"दादा, एक सांग. मी मारत नाई, भांडत नाई. तू बाबाले शब्द देल्ला का नाई देल्ला?"

"नाही."

त्याने श्वास सोडला. रडेल की काय वाटलं. मग कपाळाला आठी आली, हळूहळू, त्याच्या सगळ्याच गोष्टी हळूहळू येतात.

"म्हंजे बाबा खोटं बोलले? काकापुढं? पितराच्या पंगतीत?"

मी त्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"बोल ना. बाबा खोटं बोलले काय?"

हो म्हणालो तर उद्या आंजीच्या पारावर बाप खोटा. आणि दिनेश ते तिथे सांगेल, कारण त्याला ते हवंच आहे, आणि सांगून झाल्यावर रात्रभर झोपणार नाही. नाही म्हणालो तर मी शब्द दिला. मग हा उठेल, चपला घालेल, आणि त्याने आईची शपथ घेतलेली आहे. संस्कृत व्याकरणात तिसरा वचनप्रकार असतो, द्विवचन. मराठीत तोही ठेवला नाही.

"दिन्या, चहा घे."

"चहा नको मले."

वं. चहा घेऊन आली. दोन कप ठेवले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडेही नाही.

आतून खाट वाजली. बाबा उठून बसले असावेत. खोकले. दार लोटलेलं होतं, फटीतून त्यांचे पाय दिसत होते, जमिनीवर टेकलेले, उघडे. चालत आले नाहीत.

"काय म्हनते तो?" त्यांनी आतूनच विचारलं.

कोणाला विचारलं, दिनेशला की मला, ते कळलं नाही. दिनेश माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.  चहावर साय धरली. बाबांनी पुन्हा विचारलं नाही, पण खाटही परत वाजली नाही.